वाशीच्या काकूंना, जरा उशिरानं

काकू, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया संक्रांतीच्या आठवड्यात आली आणि मी उत्तर देतेय पाडवा उलटून गेल्यावर. टाळाटाळ नव्हती, उशिराला कारण आहे. ते पुढे येईलच.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जानेवारीत मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका हळदीकुंकवाबद्दल लिहिलं होतं. वाण हातात देता देता तिथल्या बाई माझ्या सोळा वर्षांच्या भाचीला म्हणाल्या, "तिळगूळ अर्धाच घे हं, फुगत चाललीयेस." भाचीनं उचललेला लाडू परत ताटलीत ठेवला. अर्धा नाही, अख्खा. घरी येऊन मी तावातावानं लिहायला बसले आणि शेवटी ‘वजन हा नुसता आकडा आहे’ असं ठोकून दिलं. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘हे लिहिताना हात कचरला नाही का? माझे यजमान ५२व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. वजन ९८ किलो. आम्ही घरचे भिडेखातर कधी बोललो नाही. टोकण्यामागे माया असते, आणि तुम्ही लोक टोकणाऱ्यांची तोंडं बंद करताय.’

आधी कबुली देते. ते वाक्य चुकलंच. टाळ्या मिळतील म्हणून लिहिलं होतं आणि मिळाल्याही. पण पोटातली, अवयवांभोवतीची चरबी साखर आणि रक्तदाब बिघडवते, हे मला तेव्हाही माहीत होतं. आपल्याकडे तर मधुमेह कमी वजनावरच गाठतो, म्हणून आपल्यासाठी रेषाही कमी आकड्यांवर ओढल्यात: जगात बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, याचा आकडा) २५च्या पुढे जास्त वजन आणि ३०च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आपले डॉक्टर २३ आणि २५ धरतात. कमरेच्या घेराची मर्यादा बायकांना ८० सेंटीमीटर, पुरुषांना ९०. लेखातलं ते वाक्य मी पुसलेलं नाही, त्यावर आडवी रेघ मारून ठेवलीय. गुपचूप बदललं असं कुणाला वाटायला नको.

पण काकू, तुमच्या प्रतिक्रियेतली एक ओळ मी परत परत वाचली. ऑफिसात यजमानांना ‘मोटूशेठ’ म्हणायचे, असं तुम्हीच खाली लिहिलंय. म्हणजे घरात कुणी बोललं नसेल, पण बाहेर रोज कुणी ना कुणी बोलत होतंच की. वीस वर्षं डब्याच्या वेळी त्यांना ते नाव ऐकावं लागलं असेल. त्या वीस वर्षांत त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा किती जणांनी बांधायला लावला? तुमची जखम उकरायची म्हणून विचारत नाही. बोलणं कमी पडलं म्हणून ते गेले, हा जो दोष तुम्ही स्वतःकडे घेतलाय तो मला पटत नाही, एवढंच म्हणायचंय.

शिवाय डोळ्यांनी केलेलं वजन फसवं असतं. याचा दाखला आपल्या पुण्याचाच आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांनी स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले होते: केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय बरोब्बर २२.३, दोघेही सडपातळ. आणि अंगातली चरबी? युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. हळदीकुंकवात याज्ञिकांच्या घरची कुणी आली असती तर तिला म्हटलं असतं, "तुमच्या घरात काय, सगळे शिडशिडीत!" टोमणा फक्त दिसणाऱ्याला बसतो. बारीक अंगाच्या, सिगरेट ओढणाऱ्या, रात्री दोन-दोनपर्यंत लॅपटॉपसमोर बसणाऱ्या जावयाला कुणी अर्धा लाडू घ्यायला सांगत नाही.

आता माझं सांगते, मूळ लेखात सांगितलं नव्हतं. लग्नाआधी चार महिने मी एका वजन कमी करून देणाऱ्या सेंटरमध्ये नाव घातलं होतं. सकाळी पावडरीचा शेक, दुपारी काकडी आणि वाटीभर मूग, रात्री पुन्हा शेक. अकरा किलो उतरले. पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले तेव्हा मी पेढे वाटायचीच बाकी होते. शरीरातली साठवणीची साखर, म्हणजे ग्लायकोजन, संपली की तिच्याबरोबरचं पाणी जातं, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. पाळी थांबली. कंगव्यात केसांचे पुंजके येत. आणि रात्री अंथरुणात मी आईच्या वहीतल्या पाककृती वाचायचे, एखादीनं चोरून कादंबरी वाचावी तशा. पुरणपोळीचं पान मला तोंडपाठ होतं.

वाटायचं, मीच हावरट. मग १९४४-४५च्या मिनेसोटातल्या प्रयोगाबद्दल वाचलं. ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, दिवसाला साधारण दीड हजार कॅलरींवर. ती मुलं पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली होती! माझ्या शेकमध्ये तर तेवढंही नसायचं. (योगायोग असा की बीएमआय हे नाव १९७२ साली रूढ केलं ते याच कीजनं. सूत्र मात्र त्याच्याआधी सुमारे एकशे चाळीस वर्षांचं, केटले नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाचं. आकाश मोजणारा माणूस!)

त्या लग्नात माझं हिमोग्लोबिन जेमतेम ८.४ होतं आणि प्रत्येक जण म्हणत होता, "काय गोड दिसतेयस, अशीच राहा." नाही राहिले. दोन वर्षांत चौदा किलो परत आले. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. तुम्ही हळदीकुंकवात कधी ऐकलंय, "अगं, नखं पांढरी दिसतायत, रक्त तपासून घे"? मी तरी नाही ऐकलं. तेही टोकणंच की, आणि माझी त्याला अजिबात हरकत नाही.

आता उशिराचं कारण. तुमचं वाचून मला राग आला आणि रागाच्या तळाशी भीती होती. तीन वर्षं मी डॉक्टरकडेच गेले नव्हते. शेवटचं गेले ते गुडघा मुरगळला म्हणून, तेव्हा डॉक्टरांनी गुडघ्याला हात न लावता "आधी दहा किलो उतरवा" म्हणून बाहेर काढलं होतं. त्यानंतर खोकला झाला तरी मी मेडिकलवाल्याकडूनच औषध घ्यायचे. टोकण्याचा असाही परिणाम होतो, काकू.

तर गोखले रोडच्या मागच्या गल्लीत माझे ब्लाउज शिवणाऱ्या ताई आहेत, त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, पोटाचा घेर मोजा. त्या म्हणाल्या, "ब्लाउजला पोट कशाला लागतंय?" तरी टेप लावली. छत्तीस इंच. म्हणजे एक्क्याण्णव सेंटीमीटर. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) ५.९, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तुमच्यामुळे कळलं, हे नाकारत नाही.

नव्या डॉक्टरबाईंनी डाएट दिलंच नाही. रात्रीचं जेवण साडेदहावरून आठला आणलंय, ताटात भाताआधी उसळ येते, आणि तलावपाळीला तीन फेऱ्या, पाणीपुरीवाल्यांच्या समोरून, मान ताठ ठेवून. शनिवारी खातेही. आता तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचंय. वजनाचं विचारू नका, सांगणार नाही.

मायेबद्दल एक राहिलं. त्या टेलरताई दर ब्लाउजला दोन्ही बाजूंना दीड इंच कापड आत दुमडून ठेवतात. त्यालाही मायाच म्हणतात. गेल्या बारा वर्षांत ती माया त्यांनी माझ्यासाठी तीनदा उसवलीय, पण "काय हो, वाढलात" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. फक्त विचारतात, "हात वर होतोय ना नीट?"

येत्या शुक्रवारी आमच्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू आहे. सवाष्ण-बिवाष्ण आम्ही बघत नाही, बाबा गेल्यापासून अत्तर लावायचं काम आईकडेच आहे. तुम्ही या. वाशीहून थेट ठाण्याची लोकल आहे, स्टेशनपासून पाच मिनिटांवर घर. भाची पण असेल. बरोबर आणखी कुणी येणार असेल तर गुरुवारी दुपारपर्यंत कळवा, डाळ भिजत घालायची असते.