जीन हॅकमनला ‘सामान्य माणूस’ म्हणणे मला मान्य नाही

२६ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू मेक्सिकोतील सांता फे येथील घरात हॉलिवूडचा नट जीन हॅकमन आणि त्याची पत्नी बेट्सी अराकावा मृतावस्थेत आढळले आणि पुढे कित्येक आठवडे जगभरची माध्यमे त्या घराभोवतीच घुटमळत राहिली. उंदरांमार्फत पसरणाऱ्या हंताविषाणूच्या संसर्गाने आधी पत्नी गेली आणि अल्झायमर्स बळावलेला, हृदयविकाराने खंगलेला हॅकमन त्यानंतर साधारण आठवड्याभराने गेला, हे तपासणीतून स्पष्ट झाल्यावरही तर्ककुतर्क काही थांबले नाहीत. या गदारोळात त्याच्या कामाविषयी जे लिहिले गेले, त्यात एक ठरलेले वाक्य पुन्हा पुन्हा येत होते : हॅकमन म्हणजे पडद्यावरचा सामान्य माणूस, चारचौघांसारख्या चेहऱ्याचा नट. हे वाक्य कौतुकानेच लिहिले जाते, याबद्दल शंका नाही. तरीही त्या वाक्याने हॅकमनच्या चाळीस वर्षांच्या कामावर अन्याय होतो असे मला वाटते आणि तो का, हे सविस्तर मांडावे म्हणून ही पोस्ट.

हॅकमनचा जन्म ३० जानेवारी १९३० चा, कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनोचा. पण तो वाढला इलिनॉयमधल्या डॅनव्हिल या गावात. वडील तिथल्या वृत्तपत्राच्या छापखान्यात काम करत. तो तेरा वर्षांचा असताना एके दिवशी रस्त्यावर खेळत होता, वडील गाडीतून शेजारून गेले, त्यांनी त्याच्याकडे पाहून फक्त हात हलवला आणि ते घर सोडून निघून गेले. ही हकीकत त्याने उतारवयात मुलाखतींमधून सांगितली आहे आणि ती सांगताना त्याचा आवाज स्थिर राहत नसे. त्या एका हात हलवण्याचा अर्थ आपल्याला कळला आणि माणसाच्या छोट्याशा हालचालीत किती काय सामावलेले असते हे तेव्हा उमगले, म्हणूनच कदाचित आपण नट झालो, अशा आशयाचे तो बोलला होता. नटांनी आपल्या कलेविषयी केलेली बरीच विधाने मला पोकळ वाटतात. हे मात्र मी शब्दशः खरे मानतो, कारण त्याच्या भूमिका पाहताना त्याचा पुरावा जागोजागी सापडतो.

वय खोटे सांगून तो सोळाव्या वर्षी मरीन दलात भरती झाला आणि रेडिओ ऑपरेटर म्हणून चीनपर्यंत जाऊन आला. अभिनय शिकण्यासाठी पॅसाडिना प्लेहाउसमध्ये दाखल झाला तोवर त्याचे वय सव्वीसच्या आसपास होते. तिथे त्याच्यासारखाच बेढब ठरवला गेलेला, पुढे नामवंत नट झालेला डस्टिन हॉफमन त्याला भेटला आणि दोघांच्या हातून काही होणार नाही असा सहाध्यायांचा कौल पडला. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याने मिळेल ते काम केले. सामान हलवले, बूट विकले, टाइम्स स्क्वेअरमधल्या हॉवर्ड जॉन्सन उपाहारगृहाच्या दारात गणवेश घालून तो दरवान म्हणून उभा राहिला आणि पॅसाडिनाच्या एका शिक्षकाने तिथे त्याला ओळखून ‘मी म्हटलेच होते’ असे ऐकवले, हेही तो सांगत असे. हॉफमन न्यूयॉर्कला आला तेव्हा हॅकमन दांपत्याच्या लहानशा घरात स्वयंपाकघराच्या जमिनीवर झोपत असे. पुढे नामवंत नट झालेला रॉबर्ट डुव्हॉल हा त्यांचा तिसरा सोबती. चित्रपटाचा नायक कसा दिसतो याची जी कल्पना तेव्हा रूढ होती, तीत या तिघांपैकी एकही बसत नव्हता.

‘लिलिथ’मध्ये (१९६४) एका छोट्या भूमिकेत त्याला पाहिलेल्या नट-निर्माता वॉरन बेटीने पुढे ‘बॉनी अँड क्लाइड’मध्ये (१९६७) त्याला, स्वतः रंगवलेल्या क्लाइडच्या थोरल्या भावाची, बक बॅरोची भूमिका दिली. हॅकमन तेव्हा सदतीस वर्षांचा होता. त्याच वर्षी ‘द ग्रॅज्युएट’च्या तालमींतून त्याला काढून टाकण्यात आले होते, हे लक्षात घेतले म्हणजे बकची भूमिका त्याच्यासाठी काय असेल याची कल्पना येते. त्यातला एक क्षण मी नेहमी उदाहरण म्हणून सांगतो. बऱ्याच काळाने भेटलेले दोघे भाऊ खोलीत एकटे आहेत, बक आनंदाने आरोळी ठोकतो, आता आपण काय धमाल करू, असे म्हणतो आणि मग थांबतो. बोलण्यासारखे काहीच उरलेले नसते. मग, नेमके करायचे तरी काय, असे तो विचारतो. आरोळी आणि प्रश्न यांच्यामधल्या त्या दोन-तीन सेकंदांत हॅकमनच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहते, फक्त त्यामागचा जोर ओसरतो. दोघांचे सगळे आयुष्य किती रिकामे आहे हे त्यातून कळते. या भूमिकेने त्याला पहिले ऑस्कर नामांकन मिळवून दिले.

‘द फ्रेंच कनेक्शन’मधला (१९७१) न्यूयॉर्कचा पोलीस पॉपाय डॉइल आठवला की बहुतेकांना उन्नत रेल्वेमार्गाखालून सुसाट धावणारी गाडी आठवते. माझ्या मते त्या चित्रपटाचा गाभा एका संथ दृश्यात आहे : उपाहारगृहात बसून तस्कर निवांतपणे पक्वान्ने खात आहे आणि रस्त्यापलीकडे कडाक्याच्या थंडीत डॉइल पाय आपटत, पिझ्झाचा तुकडा चावत उभा आहे. कॉफीचा घोट घेऊन तो तोंड वाकडे करतो आणि ती ओतून टाकतो. त्याच्या मनातला हेवा, चिवटपणा आणि सूड या सगळ्यांची मुळे इथे दिसतात. डॉइल वंशद्वेष्टा आहे, हिंसक आहे. ज्या खऱ्या पोलिसावरून हे पात्र बेतले होते त्या एडी ईगनसोबत फिरताना हॅकमनला ते वागणे सहन होत नव्हते आणि चित्रीकरणाच्या सुरुवातीला संशयिताला थप्पड मारण्याच्या दृश्यात अडखळल्यावर त्याने दिग्दर्शक विल्यम फ्रिडकिनला आपल्या जागी दुसरा नट घेण्यास सुचवले होते. पण भूमिका स्वीकारल्यावर त्याने डॉइलला कुठेही सौम्य केले नाही. शेवटी डॉइलच्या गोळीने चुकून सरकारी अधिकारीच मरतो, तेव्हा तो क्षणभरही न हळहळता बंदुकीत नव्या गोळ्या भरतो. प्रेक्षकांनी आपल्याला क्षमा करावी अशी किंचितशीही विनवणी त्या चेहऱ्यावर नाही. या भूमिकेसाठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. आता प्रश्न असा, की या माणसाला सामान्य कसे म्हणावे?

मात्र माझ्या लेखी त्याचे सर्वश्रेष्ठ काम ‘द कॉन्व्हर्सेशन’मधले (१९७४) आहे आणि त्यासाठी त्याला ऑस्करचे साधे नामांकनही मिळाले नाही, याची खंत मला अजूनही वाटते. फ्रान्सिस फोर्ड कपोलाच्या या चित्रपटातला हॅरी कॉल हा लोकांची संभाषणे चोरून ध्वनिमुद्रित करणारा सॅन फ्रान्सिस्कोमधला तज्ज्ञ आहे. हॅकमनचा धिप्पाडपणा, त्याचा मोकळा आवाज, रोखून पाहण्याची त्याची सवय, म्हणजे ज्या गोष्टींनी तो तारा झाला होता, त्या सगळ्या त्याने इथे बाजूला ठेवल्या. बारीक मिशी, जाड चष्मा, विरळ केस आणि पाऊस असो वा नसो, अंगावर पारदर्शक प्लॅस्टिकचा रेनकोट. हॅरी घरी येतो, दाराची एकामागून एक कुलुपे उघडतो, तर आत घरमालकिणीने वाढदिवसाची भेट म्हणून बाटली ठेवलेली असते. तो तिला फोन करतो. आभार मानण्याचा शिष्टाचार पाळायचा आहे, पण तिच्याकडे किल्ली आहे या विचाराने जीव कासावीस झाला आहे आणि ते कासावीस होणे आवाजात उतरू द्यायचे नाही, अशा तिहेरी कसरतीत तो बोलतो. घरातले सगळे सामान आगीत जळाले तरी चालेल, किल्ल्यांखेरीज आपले असे काहीच नाही, हे तो असे सांगतो की जणू ती व्यवहारातली एखादी किरकोळ बाब आहे. चित्रपटाचा पुष्कळसा वेळ हॅकमन केवळ ऐकतो. टेप मागे-पुढे होत राहते, तीच वाक्ये पुन्हा ऐकू येतात आणि प्रत्येक खेपेला त्या चेहऱ्यावरची भीती थोडी वाढलेली असते. संवादाविना एवढे काही पोहोचवणारे अभिनय मी फार थोडे पाहिले आहेत.

त्यानंतरचा काळ उंचसखल आहे. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या, अल पचिनोसोबतच्या ‘स्केअरक्रो’वर (१९७३) त्याचा फार जीव होता. तो चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही आणि त्या निराशेत त्याने पुढे काही कामे केवळ पैशासाठी घेतली, हे त्याने स्वतःच मान्य केले आहे. आपल्याकडच्या अनेकांनी त्याला पहिल्यांदा पाहिले ते १९७८ च्या ‘सुपरमॅन’मधला लेक्स लूथर म्हणून, आणि बऱ्याच जणांची ओळख तिथेच थांबली. ‘हूझियर्स’मधला (१९८६) बास्केटबॉल प्रशिक्षक त्यांनी अवश्य पाहावा. त्या चित्रपटातला ग्रामीण इंडियाना हॅकमनच्या डॅनव्हिलपासून अगदी जवळ आहे.

‘अनफरगिव्हन’मधला (१९९२) शेरीफ लिटल बिल डॅगेट त्याने आधी नाकारला होता. हिंसक भूमिका आता पुरे झाल्या, असे त्याचे मत होते. दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुडने समजूत घातल्यावर तो तयार झाला आणि त्याला दुसरे ऑस्कर मिळाले. डॅगेट स्वतःच्या हातांनी घर बांधत असतो. सुतारकाम त्याला मुळीच जमत नाही, छप्पर गळते, पण त्याला आपल्या घराचा अभिमान आहे. दिवसा भर रस्त्यात माणसाला लाथांनी तुडवणारा हा गृहस्थ संध्याकाळी गळक्या छपराखाली बसून रंगवून गोष्टी सांगतो आणि या दोन्ही वेळी हॅकमनचा स्वर तितकाच प्रसन्न असतो. आपण गावाचे भले करत आहोत, यावर त्याची गाढ श्रद्धा आहे. मरतानाही त्याला अन्यायच वाटतो : आपण तर घर बांधत होतो! खलनायक रंगवणारे नट पुष्कळ आहेत. पण आपण चांगलेच आहोत अशी मनोमन खात्री असलेला दुष्ट माणूस इतक्या आतून दाखवणारा दुसरा नट चटकन डोळ्यांसमोर येत नाही.

‘द रॉयल टेनेनबाम्स’मध्ये (२००१) तो मुलांना सोडून गेलेला बाप झाला. त्या सेटवर तो तरुण दिग्दर्शक वेस अँडरसनशी फार कठोरपणे वागला, हे नोंदवलेच पाहिजे. त्याच्या तापटपणाच्या हकीकती अनेकांनी सांगितल्या आहेत. पण शेवटाकडे, पत्नी गमावलेला मुलगा बापाला म्हणतो की हे वर्ष मला फार जड गेले, आणि हॅकमन त्याच्या खांद्यावर हात ठेवून, मला ठाऊक आहे, एवढेच म्हणतो. आयुष्यभर खोटे बोललेल्या त्या बापाचे हे पहिले खरे वाक्य आहे आणि ते त्याने कसलाही जोर न देता उच्चारले आहे.

२००३ मध्ये ‘रनअवे ज्युरी’त तो आणि हॉफमन अखेर एकाच चित्रपटात आले. न्यायालयाच्या स्वच्छतागृहात दोघे समोरासमोर भांडतात, तेवढे एकच दृश्य. पुढच्या वर्षी एक हलकाफुलका विनोदी चित्रपट करून तो थांबला. निरोपाचा समारंभ नाही, पुनरागमनाच्या घोषणा नाहीत. हृदयावर ताण नको असा वैद्यकीय सल्ला होता. त्याने सांता फेला चित्रे काढली, कादंबऱ्या लिहिल्या, सायकल चालवली. शेवटचा चित्रपट त्याच्या तोलाचा नव्हता म्हणून हळहळणारे अनेकजण मी पाहिले आहेत, पण मला त्याचे दुःख होत नाही. हॅरी कॉलची भूमिका त्याने तीस वर्षांपूर्वीच करून ठेवली होती.