गाडी काढा, पण रस्त्यावर काढू नका

वेगवान गाडी बनवायची कल्पना तुमच्या डोक्यात आली असेल, तर आधी अभिनंदन आणि लगेच एक विनंती: ती विकायच्या भानगडीत पडू नका. विकलेल्या गाडीचं काय होतं ते आपण रोज बघतो. गोव्यात पर्वरीच्या कोंडीत तिचा क्लच जळतो, पावसाळ्यात सीटला बुरशी येते, आणि भाड्याच्या काळ्या पाटीवर गेली की एक दिवस ती वाळूत रुतलेली सापडते, आत चार पाहुणे आणि बाहेर भरती. न विकलेल्या गाडीला यातलं काही होत नाही. ती कायम कोरी, कायम तीनशेच्या वेगाची, आणि कायम ‘पुढच्या वर्षी येणार’.

गोव्यातल्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. दिवाळीला नरकासुराचा पुतळा आपण करतोच की! महिनाभर पोरं रात्री जागून लोखंडी सांगाडा वेल्डिंग करतात, कागद चिकटवतात, मोटर लावून हात हलते करतात. एक रात्र सगळा गाव बघायला लोटतो, परीक्षक गुण देतात, पहाटे त्याला जाळायचं, कारीट फोडायचं आणि फोव, म्हणजे पोहे, खायला बसायचं. नरकासुराचं मायलेज किती, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. मोटर शोमधली गाडी म्हणजे हेच. तिला फक्त जाळत नाहीत, संग्रहालयात ठेवतात.

खोटं वाटत असेल तर ऑडीने काय केलं ते ऐका. १९९१ च्या टोकियो मोटर शोमध्ये त्यांनी अ‍ॅवस नावाची गाडी उभी केली. अंगाला रंग नाही, आरशासारखं घासलेलं अ‍ॅल्युमिनियम. बारा सिलिंडरचं डब्ल्यू आकाराचं इंजिन, पाचशेहून जास्त अश्वशक्ती. लोकांनी आ वासला. इंजिन मात्र तोवर तयार झालं नव्हतं, म्हणून आत बसवलं होतं ते लाकूड आणि प्लास्टिकचं! देवाचे रथ आणि पालख्या कोरणारे मेस्त आपल्या गावोगावी आहेत. जर्मनांच्या आपण कुठे मागे आहोत? लाकडी इंजिनाला तेल लागत नाही, ते तापत नाही, पीयूसीत नापास होत नाही. वाळवीचं औषध तेवढं दर पावसाळ्याआधी मारून घ्या.

आता पैशांचं. लोक पैसे घेऊन दारात येतील, डगमगू नका. मर्सिडीजने १९६९ मध्ये फ्रँकफर्टला सी-१११ दाखवली: नारिंगी रंग, पंखांसारखी वर उघडणारी दारं, फायबरची बॉडी, मधोमध वॅन्केल इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी तीन फिरते रोटर. पुढच्याच वर्षी चार रोटरचं बसवलं, ३५० अश्वशक्तीचं. गिऱ्हाइकांनी म्हणे कोरे चेक पाठवून दिले. कंपनीने एकही गाडी विकली नाही. वॅन्केल इंजिन पेट्रोल ढोसायचं, धुराचे नियम कडक होत होते, त्यात १९७३ चं तेलसंकट आलं. मग तिच्यात डिझेल इंजिन घालून त्यांनी वेगाचे विक्रम केले, आणि १९७९ मध्ये पेट्रोलवरची शेवटची आवृत्ती ताशी ४०३ किलोमीटरवर नेऊन ठेवली. तात्पर्य, कोरा चेक वटवायचा नसतो, काचेच्या फ्रेममध्ये लावायचा असतो. वटवला की गिऱ्हाईक आलं, आणि गिऱ्हाईक आलं की ‘मागच्या दाराचा आवाज येतो’ हेही आलं. (आपल्याकडे काही मंडळी चेक वटवून वस्तू देत नाहीत. तो वेगळा व्यवसाय आहे, त्याला प्रोटोटाइप, म्हणजे नमुन्याची गाडी, म्हणत नाहीत.)

पळवायचीच असेल तर गोल गोल पळवा. फोक्सवॅगनने डब्ल्यू-१२ ही गाडी २००२ मध्ये इटलीत नार्दोच्या वर्तुळाकार ट्रॅकवर चोवीस तास हाणली. अंतर ७,७४० किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३२२. पणजीहून मुंबईला सहा वेळा जाऊन यावं आणि वर चिपळूणला चहाला थांबावं, एवढं हे अंतर. एवढं करून ती विकलीच नाही. आपला मुंबई-गोवा महामार्गही याच घराण्यातला. चौपदरीकरणाचं काम २०११ पासून प्रदर्शनात आहे, उत्पादनाची तारीख यथावकाश कळवण्यात येईल.

कॅमेऱ्यासमोर न्यायचा मोह झालाच तर जग्वारच्या एक्सजे-१३ ची गोष्ट आठवा. ल मां शर्यतीसाठी १९६६ मध्ये एकच बांधली, पाच लिटरचं व्ही-१२ इंजिन घातलं, आणि शर्यतीत कधी उतरवलीच नाही. पाच वर्षं सुखात गेली. १९७१ मध्ये कुणाला तरी वाटलं, नव्या व्ही-१२ गाडीच्या जाहिरातपटात हिचं थोडं शूटिंग करू. चाकाने दगा दिला आणि गाडी कोलांट्या खात गेली. चालक नॉर्मन ड्युइस सुखरूप बाहेर आले, गाडीचा मात्र चुराडा. नंतर तिला पुन्हा बांधावं लागलं. व्हिडिओचा सोस असा असतो.

आसनव्यवस्थेत तरी आपली छाप असू द्या. यामाहाने १९९२ मध्ये ओएक्स-९९-११ काढली. फॉर्म्युला वनचं साडेतीन लिटरचं व्ही-१२ इंजिन, काचेचा घुमट, आणि सोबतचा माणूस चालकाच्या शेजारी नाही, पाठीमागे! जपानी अभियंत्यांना हे सुचायला फॉर्म्युला वन लागलं. आपल्याकडे म्हापशाच्या बसस्टँडवर पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन उभा असलेला पायलट कित्येक वर्षं माणसाला असंच मागे बसवून नेतोय, आणि वाटेत गावच्या बातम्याही देतोय. यामाहाच्या तीनच गाड्या झाल्या. जपानमधला पैशाचा फुगा फुटला होता, घेणार कोण? पायलट अजून उभा आहे.

स्वदेशीचा अभिमान असेल तर तिथेही उज्ज्वल परंपरा आहे. टाटांनी २००० साली जिनिव्हाला अ‍ॅरिया नावाची देखणी रोडस्टर दाखवली. गाडी आली नाही. नाव मात्र २०१० मध्ये एका भल्यामोठ्या कुटुंबवत्सल गाडीला दिलं, पणजोबांचं नाव पणतूला ठेवावं तसं. मग २०१७ मध्ये, पुन्हा जिनिव्हालाच, रेसमो: बाराशे सीसीचं टर्बो इंजिन, १९० अश्वशक्ती, सहा सेकंदांच्या आत ताशी शंभर. तिथेच जाहीर झालं की ही गाडी फोर्झा होरायझन ३ या व्हिडिओ गेममध्येही येणार. रस्त्यावर ती आली नाही. गेममध्ये खड्डा लागत नाही, समोरून गाय येत नाही, यापेक्षा चांगला रस्ता तिला पणजीच्या अटल सेतूवर तरी मिळाला असता का?

टाटांच्याच मालकीच्या जग्वारने तर कळस केला. २०१० ची त्यांची सी-एक्स-७५: चार चाकांना चार विजेच्या मोटर, बॅटरी भरायला विमानासारखी दोन छोटी टर्बाइन. पुढच्या वर्षी अडीचशे गाड्या काढायचं ठरलं, टर्बाइन काढून साधं इंजिन घातलं, आणि २०१२ च्या डिसेंबरात आर्थिक परिस्थिती बरी नाही म्हणून सगळं बासनात. २०१५ च्या बाँडपटात मात्र ती दिसली. खलनायकाच्या गुंडाच्या हातात.

लोटसने २०१० मध्ये पॅरिसला एकदम पाच नव्या गाड्यांवरचे पडदे ओढले. पाचांपैकी शून्य आल्या. एवढा आत्मविश्वास मात्र सगळ्यांना झेपत नाही, तुम्ही एकीपासून सुरुवात करा.

आणि एवढं सांगूनही कायदेशीर उत्पादन करायची खुमखुमी असेलच, तर भिंतीवर आपटायला आधी काही गाड्या बांधा, पुण्याला एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेच्या चाचण्या करा, एकेका पत्र्यासाठी डाय, म्हणजे साचा, बनवून घ्या. जुन्या गाडीला कापून नवी करावी म्हणाल, तर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ वाटेत आडवं झोपलेलं आहे.

आमच्या फोंड्याच्या मावसभावाला हे सगळं मी वेळेवर सांगितलं होतं. त्याने भंगारातल्या गाडीची चासी आणली, होड्या करणाऱ्याकडून फायबरची बॉडी ओतून घेतली, आणि ‘चतुर्थीला काढतो’ असं सहा चतुर्थ्या म्हणत राहिला. त्या बॉडीला पुढून होडीचाच आकार आला होता, पण ते त्याच्यासमोर कुणी बोलत नसे. घरामागच्या शेडमध्ये पाहुण्यांना ती ताडपत्री उचलून दाखवली जाई. मावशी बाजूला चहा घेऊन उभी. डिकीत कोंबडी अंड्यांवर बसलेली.

गेल्या दिवाळीत वाड्यावरची पोरं आली. ‘दादा, नरकासुर यंदा तीस फुटी आहे, खाली चाकांची चासी पाहिजे.’ त्याने दोन दिवस विचार केला. मग बॉडी उतरवून दिली. चतुर्दशीच्या आदल्या रात्री गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली: वर नरकासुर, मागे ढकलणारी वीस पोरं, पुढे स्टिअरिंगला मावसभाऊ. तिस्क ते देऊळ, एक किलोमीटरला काही कमी. वळणावर त्याने हात बाहेर काढून इशाराही दिला.

पहाटे जाळायच्या आधी तो जॅक घेऊन खाली वाकला आणि चारही चाकं काढून घेऊन गेला.