उणे एक पंप

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला आणि त्याच दुपारी आमच्या कूलरचा पंप जळाला. इतवारीतल्या दुकानदाराने साडेतीनशे रुपये घेतले, पावती फाडली आणि म्हणाला, "माल वाडीच्या गोडाऊनले हाय, तिथून उचला." तोंडाला दुपट्टा, खिशात बायकोने कोंबलेला कांदा, अशा थाटात मी अमरावती रोडने वाडीला पोचलो. इथवर माझी काही तक्रार नाही. मे महिन्यात पंपासाठी नागपूरकर पायी वर्ध्यालाही जाईल.

पंप रॅकवर दिसत होता. माझ्यापासून दोन हातांवर. खोक्यावर पंपाचं चित्र, चित्रात थंडगार पाण्याचं कारंजं.

"हा द्या," मी म्हटलं.

गोडाऊनवाल्या भाऊंनी आधी स्क्रीन पाहिली, मग मला पाहिलं. "हा नाही हाय, भाऊ."

"हा काय समोर!"

"समोर दिसून राहिला, बरोबर हाय. पण हाय नाही. तो अजून भिवंडीहून येऊन राहिला."

मी खोक्यावर हात ठेवला. चटका बसला. त्या पत्र्याखाली सगळंच तापलेलं होतं. "आलाय की हो!"

"माल आला. एन्ट्री नाही आली."

एवढं बोलून ते थांबले असते तर मी भांडून मोकळा झालो असतो. पण त्यांनी माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ओढली, रुमालाने पुसली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. माणूस शिकवायला बसला की त्याच्याशी भांडता येत नाही, हे मला धंद्याने माहीत आहे.

"हे पाहा. भिवंडीतून चाळीस पंप निघाले, का तिथले चाळीस कमी. पण इथं लगेच जमा नाही होत. मधात एक लोकेशन असते, ट्रान्झिट. चाळीसही तिथं उभे. इथं एकेक स्कॅन करून व्हॅलिडेट दाबलं, का तिथले कमी, इथले जमा. आता एकाचं स्टिकर गाडीत घासून गेलं. एकोणचाळीस स्कॅन झाले. चाळीस होत नाही, म्हणून एकही होत नाही."

"मग एकोणचाळीस जमा करा, एक बाकी ठेवा. तशी सोय असेलच ना?"

"असते ना! बॅकऑर्डर म्हणतात. पण त्याचा राइट साहेबाले हाय. साहेब लग्नाले गेले. फोन बंद."

मी म्हणालो की मी कॉलेजात कॉमर्स शिकवतो, बावीस वर्षं झाली, दुहेरी नोंद, म्हणजे एकीकडे कमी तर दुसरीकडे जमा, मला समजावू नका. ही चूक झाली. भाऊंचा चेहरा उजळला.

"तुम्ही सर हाय काय? मंग तुमाले तं समजालेच पाहिजे!"

आणि पुढचा अर्धा तास मला माझाच विषय ऐकावा लागला. वाईट म्हणजे ते माझ्यापेक्षा चांगलं शिकवत होते. वर्गात मी १४९४ सालापासून सुरू करतो, व्हेनिस, दुहेरी नोंदीची पद्धत पुस्तकात छापणारा पाचोली, आणि तिसऱ्या मिनिटाला मागचा बाक झोपतो. यांनी थेट सांगितलं, "सर, या सॉफ्टवेअरमध्ये काही जन्मत नाही, काही मरत नाही. फक्त इकडून तिकडं जाते. सप्लायर एक लोकेशन. भंगार एक लोकेशन. चोरी झालं, फुटलं, उंदरानं खाल्लं, तरी ते कुठंतरी जाते. त्याचंही लोकेशन हाय, इन्व्हेंटरी लॉस."

"आणि मी?"

"तुम्ही कस्टमर लोकेशन."

"मी एकटा?"

"नाही बाप्पा! सगळे कस्टमर मिळून एकच."

सांगायला हरकत नाही, हे मला लागलं. पेन्शनीच्या वयाला टेकलेला, खिशात कांदा घेतलेला माणूस मी. निदान एखादा कप्पा तरी वेगळा द्यायचा.

"उणे करून देऊ शकतो," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "शिल्लक शून्य असताना दिला, का सिस्टीम मायनस एक दाखवते. पण मंग अकाउंटवाले बोंबलते." मला क्षणभर आमच्या कूलरमध्ये उणे एक पंप बसलेला दिसला, बाजूच्या गवती ताट्यांमधलं पाणी शोषून परत नळात ढकलणारा.

पूर्वी इतवारीतल्या गोडाऊनांत रॅकला दोरीने एक कार्ड टांगलेलं असायचं. तारीख, आवक, जावक, शिल्लक. शेजारी पेन्सिल, तीही दोरीने बांधलेली, कारण पेन्सिलीच्या बाबतीत कोणावरच विश्वास नसे. कार्ड आणि माल जुळला नाही तर कार्ड खोडायचे. इथे रॅकवरचा पंप खोटा ठरला. जीएसटी २०१७ साली आला तेव्हा मी वर्गात उत्साहाने सांगितलं होतं की आता राज्याराज्यात डेपो ठेवायची गरज संपेल, मोठी गोडाऊनं होतील, नागपूर मधोमध असल्याने आपली चांदी. घ्या चांदी. चाळीस कूलरपंप असलेल्या त्या जागेत एक कूलर नव्हता. दोन हमाल दारातल्या सावलीत पोत्यावर झोपले होते, आणि मला त्यांचा हेवा वाटला.

शेवटी साडेचारला भाऊंना दया आली, किंवा मी शर्टाची दुसरी गुंडी उघडली तेव्हा कांदा त्यांच्या टेबलावर पडला, त्याचा परिणाम असेल. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हिशोब दुरुस्तीत एक पंप जास्तीचा सापडल्याचं दाखवलं. म्हणजे इन्व्हेंटरी लॉसमधून एक पंप वाडीला आला आणि वाडीहून माझ्याकडे, म्हणजे सगळ्या कस्टमरांकडे, गेला.

"आणि खरे चाळीस जमा होतील तेव्हा?"

"मोजणी मार्चले. तवाचं तवा पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराचा फोन. फार आनंदात होता. "सर, साहेब आले, माल जमा झाला! तुमचा पंप घेऊन जा."

"किती आले?" मी विचारलं.

"पूर्ण चाळीस!"

मी कूलरकडे पाहिलं. तो मस्त घुरघुरत होता.