दमणचा तो 534 वाला मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर "दमणचं भयाण सत्य" म्हणून एक लांबलचक मेसेज फिरतोय. मलाही तीन-चार ठिकाणांहून आला, वाचला आणि सोडून दिला, कारण असल्या प्रत्येक मेसेजला उत्तर देत बसलं तर दुसरं काही करायलाच नको. पण परवा दांडिया बाजारातून आत्याचा फोन आला. तिचा मुलगा वापीला नोकरीला आहे, आधी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दमणला जाऊन प्यायचा, आता रोजच पितो, आणि आत्याने त्या मेसेजच्या खाली दिलेल्या नंबरवरून एक पुडी मागवलीये. आमटीत घालायची, त्याला कळू द्यायचं नाही. तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हणून लिहितेय, आणि जरा लांब होणारे.

ज्यांना मेसेज आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दमणमध्ये 1000 पुरुषांमागे फक्त 534 बायका उरल्यात, कारण नशेबाज नवऱ्यांना कंटाळून बाकीच्या निघून गेल्या. प्रत्येक दुसरा पुरुष व्यसनी आहे, म्हणून तिकडे नोकरी करणाऱ्याला मुलगी देऊ नका. गुजरातमध्ये दारूबंदी आहे म्हणून आपण वाचलो. डॉक्टरकडे नेऊ नका, ते एक नशा सोडवून दुसरी लावतात. खरा इलाज म्हणजे सात दिवस खोलीत कोंडा, नाहीतर जेवणात गुपचूप पावडर घाला. आणि एवढं करूनही परत प्यायला तर समजा की माणूस गेला.

आधी तो आकडा. 534 खरा आहे, ते मान्य करावंच लागेल. 2011 च्या जनगणनेत दमण जिल्ह्यात 1,24,659 पुरुष आणि 66,514 बायका होत्या, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत हे प्रमाण सगळ्यात खालचं. पण त्याचं कारण म्हणून जे लिहिलंय ते कोणी जनगणनेचं एक पान जरी उघडलं असतं तर लिहिलं नसतं. 2001 मध्ये याच जिल्ह्याची लोकसंख्या 1,13,989 होती, दहा वर्षांत ती 1,91,173 झाली. बायका घर सोडून पळत असत्या तर संख्या घटली असती ना? उलट बायकाही वाढल्यात, 42 हजारांच्या आसपास होत्या त्या साडेसहासष्ट हजार झाल्या. फक्त पुरुष त्याहून खूप जास्त वाढले, कारण डाभेल, काचीगाम, भीमपोर, सोमनाथ या भागांत करसवलतींमुळे कारखाने उभे राहिले आणि तिथे यूपी, बिहार, ओडिशातून पोरं कामाला आली, एकटी, बायको-पोरं गावी ठेवून, एका खोलीत सहा-आठ जण राहणारी. जनगणनावाला दारात आला की तो मुलगा दमणमध्ये मोजला जातो आणि त्याची बायको तिच्या गावात, एवढंच आहे ते.

दमण आणि दीव मिळून बघा. 1991 मध्ये 1000 पुरुषांमागे 969 बायका, 2001 मध्ये 710, 2011 मध्ये 618. दारू काय 1991 नंतर आली का तिथे? पोर्तुगीज गेले 1961 मध्ये, दारू आधीही होती, नंतरही होती, प्रमाण पडलं ते कारखाने वाढले तेव्हा. आणि दीव घ्या, तोच केंद्रशासित प्रदेश, तशीच खुली दारू, तिथे 2011 मध्ये 1000 पुरुषांमागे 1031 बायका, कारण तिथले पुरुषच कमवायला बाहेर जातात. आपल्या माणसांना तर हे सांगायची गरजच पडू नये, रत्नागिरीत 1000 पुरुषांमागे 1122 बायका आहेत आणि का आहेत ते कोकणातलं कोणतंही घर सांगेल, चाकरमानी मुंबईला. मग मेसेजच्या हिशोबाने रत्नागिरीत काय, कोणी पीतच नाही?

"प्रत्येक दुसरा पुरुष व्यसनी" याला काहीच आधार दिलेला नाही, मलाही कुठे सापडला नाही. देशाचा आकडा आहे, दिल्लीच्या एम्सने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या सर्व्हेचा, 2019 मध्ये रिपोर्ट आला, पावणेपाच लाखांच्या आसपास माणसांशी बोलून केलेला. त्यात पुरुषांमध्ये दारू पिणारे 27.3 टक्के आणि बायकांमध्ये 1.6. पिणारे, व्यसनी नव्हे. देशात पिणारे साधारण 16 कोटी आणि त्यातले 5.7 कोटी असे की ज्यांना मदतीची गरज आहे. म्हणजे तीनातला एक. हा आकडा काय कमी भयंकर आहे म्हणून वरून खोटा चिकटवायचा?

दारूबंदीचं जास्त बोलत नाही. 1960 पासून बंदी आहे आणि 2009 मध्ये अमदावादला शंभरावर माणसं विषारी दारूने गेली, 2022 मध्ये बोटादकडे पुन्हा तेच झालं, दारूच्या नावाखाली मिथेनॉल पाजलं लोकांना. बंदीमुळे आपल्याकडे एक मात्र नक्की झालंय, की घरातला माणूस पितो हे बोलायची सोय राहिली नाही. पोलिसांची भीती, शेजाऱ्यांची लाज. म्हणून आया-बायका डॉक्टरकडे न जाता असल्या नंबरांवर फोन करतात.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. कोंडणं आणि पुडी.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एका दिवसात बंद करून त्याला खोलीत कोंडणं याने माणूस मरू शकतो. हे घाबरवायला सांगत नाहीये. दारू मेंदूला मंद करते, रोज दारू आली की मेंदू त्याच्या विरुद्ध जोर लावून स्वतःला जागा ठेवायला शिकतो. एकदम दारू काढली की तो जोर तसाच राहतो आणि दाबणारं कोणी नसतं. हात थरथरतात, घाम, उलट्या, झोप नाही, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. मग काहींना साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान डिलिरियम होतं, माणूस भलतंच बघतो, भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखत नाही, ताप चढतो, नाडी धावते. बाहेर बसलेल्या घरच्यांना वाटतं की नाटक करतोय, दारूसाठी ओरडतोय, दार उघडू नका. मेसेजमध्ये नेमकं हेच लिहिलंय, "कितीही ओरडला तरी उघडू नका". ज्याने कोणी हे लिहिलं त्याला मी माफ करू शकत नाही. त्या वेळी त्या माणसाला हॉस्पिटलमध्ये असायला पाहिजे, लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साईडसारखं औषध मोजून द्यायला पाहिजे, थायामिनचं इंजेक्शन पाहिजे, कारण वर्षानुवर्षं पिणाऱ्यांच्या अंगात बी-1 जीवनसत्त्व उरलेलं नसतं आणि ते न मिळाल्यास मेंदूचं कायमचं नुकसान होतं. ज्यांना आधी कधी फिट आलीये किंवा आधी असं डिलिरियम झालंय त्यांना तर घरी ठेवायचा विचारच करू नका.

आणि बांधून ठेवण्याचं म्हणाल तर ते बेकायदाही आहे. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितीही आजारात धरतो, आणि त्याच कायद्याचं कलम 95 साखळदंडाने बांधायला साफ मनाई करतं.

पुडी. पुडीवर काय असतं लिहिलेलं? "शंभर टक्के आयुर्वेदिक". घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. अशा गुपचूप घालायच्या औषधांत कित्येकदा डायसल्फिरामची भेसळ असण्याची भीती असते. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, डॉक्टरही देतात, पण ते काय करतं ते ऐका. दारू अंगात मोडताना आधी ॲसिटाल्डिहाईड नावाचं विष तयार होतं, ते पुढे निरुपद्रवी होतं. डायसल्फिराम ती पुढची पायरीच अडवतं. मग वरून दारू गेली की चेहरा लाल, छाती धडधडते, उलट्या, बीपी एकदम खाली, हृदय कमजोर असेल तर जीवावर बेततं. म्हणून डॉक्टर ते कधीही न सांगता देत नाहीत. आधी किमान 12 तास दारू नको, मग माणसाला समोर बसवून सांगतात, लिव्हर-हृदय तपासतात, खोकल्याच्या औषधातल्या अल्कोहोलपासूनही सांभाळायला सांगतात, आणि गोळी बंद केली तरी दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो हेही सांगतात. आता ज्याला माहीतच नाही की आमटीतून काय गेलंय, तो संध्याकाळी दमणच्या बारमध्ये बसून क्वार्टर मागवणार. काय होईल? आणि तिथे कोसळला तर डॉक्टरला कोण सांगणार की याच्या पोटात काय आहे? आईला माहीत आहे, ती बडोद्यात.

समजा पुडीत तसलं काही नसेल, नुसती हळद आणि मुलेठी असेल. तरी एक दिवस त्याला कळणारच, आणि मग तो त्या घरात जेवणार नाही. उपचारात सगळ्यात आधी त्या माणसाचा हो लागतो, तो मिळवायचा रस्ताच बंद केलात तुम्ही.

"एक नशा सोडवून दुसरी लावतात" याबद्दल. यात अर्धवट खरं आहे. दारू सोडवताना जी झोपेची-शांततेची औषधं देतात ती महिनोनमहिने चालू ठेवली तर त्यांचीही सवय लागते, हे खरंच आहे, आणि काही ठिकाणी ती निष्काळजीपणे चालू ठेवली जातात. म्हणूनच चांगला डॉक्टर ती कमी करत करत थोड्याच दिवसांत बंद करतो. पण दारूसाठी नंतर जी देतात, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, त्यांनी नशा येतच नाही. ब्राउन शुगरवाल्यांना ब्युप्रेनॉर्फिन देतात, जिभेखाली ठेवायची गोळी, ते मात्र अफूच्या जातीचं औषध आहे, लपवायचं काही नाही. पण त्याचा असर एका मर्यादेपुढे चढत नाही, तलफ मारतं, सुई सुटते, माणूस कामावर जायला लागतो आणि ओव्हरडोसने मरायची शक्यता खूप कमी होते. डब्ल्यूएचओने 2005 पासून त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलंय. मधुमेहाचा पेशंट रोज इन्सुलिन घेतो तर त्याला आपण इन्सुलिनचा व्यसनी म्हणत नाही.

परत प्यायला म्हणजे संपला, हे तर निव्वळ क्रूर आहे. परत पिणं या आजारात खूप होतं, सोडलेल्यांपैकी साधारण निम्मे कधी ना कधी घसरतात. तेव्हा औषध बदलायचं, डोस बघायचा, कशामुळे घसरला ते शोधायचं. एम्सच्या त्याच सर्व्हेत आहे, दारूच्या आहारी गेलेल्या 38 माणसांमागे एकाला कुठला तरी उपचार मिळाला आणि 180 मागे एकालाच भरती होऊन. म्हणजे "उपचार करून उपयोग नाही" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी उपचार बघितलेलाच नाही.

करायचं काय, असं आत्याने विचारलं, तुम्हीही विचाराल. 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाईन आहे, फुकट, नाव सांगायची जबरदस्ती नाही. मनावर ताण असेल, घरच्यांना स्वतःसाठी बोलायचं असेल तर टेलिमानस 14416. सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात ओपीडीला जा, पहिल्यांदा तो येत नसेल तर तुम्ही एकटे जा, त्याच्याशी घरात कसं बोलायचं तेही विचारता येतं. त्याच्याशी बोलायचं ते सकाळी, तो शुद्धीत असताना, नातेवाईक गोळा करून नव्हे. आणि खाजगी सेंटरमध्ये ठेवायचं ठरलंच तर पैसे भरण्याआधी विचारा की मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतो, रात्री फिट आली तर कुठे नेता, औषधांची यादी घरी मिळेल का, भेटायला कधी येऊ. पहिला महिना घरच्यांना भेटू देणार नाही असं म्हणाले तर तिथून उठा.