"मेणबत्ती घासा आणि सुटा": स्नोबोर्डच्या वॅक्सवरच्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

डिसेंबर लागला की आमच्या डेन्व्हरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मूळ कोणी लिहिला देव जाणे, दरवर्षी त्यात एखादी ओळ वाढते एवढं खरं. यंदा तो मला चार जणांकडून आला, त्यातला एक पुण्यातला माझा मामेभाऊ, ज्याचा बर्फाशी संबंध म्हणजे गुलमर्गला स्लेजवर बसून काढलेला एक फोटो. मेसेजचं सार असं: स्नोबोर्डला (दोन्ही पाय बांधून बर्फावर घसरायची ती फळी) वॅक्स, म्हणजे नीट सरकावं म्हणून तळाला लावायचं मेण, हा निव्वळ दुकानवाल्यांचा धंदा, हल्लीच्या बेसला, म्हणजे तळाला, वॅक्स लागतच नाही, लावायचंच तर घरातली मेणबत्ती घासा, नाहीतर वेदर ॲपवर टेम्परेचर बघून त्या रंगाची वॅक्सची वडी घ्या, चांगला जाड थर द्या म्हणजे छिद्रांत मुरेल, खरा स्पीड पाहिजे तर जुनं फ्लोरोवालं, म्हणजे फ्लोरिनची रसायनं घातलेलं वॅक्स शोधा, आणि फरक पडला का ते फोनच्या ॲपमधल्या टॉप स्पीडवरून कळेल.

म्हणजे एकाच मेसेजमध्ये "लागतच नाही" पण आहे आणि "जाड लावा" पण आहे. तरी एकेक मुद्दा घेतो, कारण यातलं सगळंच खोटं नाहीये आणि तीच खरी भानगड आहे.

पहिला मुद्दा, बेसला वॅक्स लागत नाही. बोर्डाचा तळ हा पॉलिइथिलीन नावाच्या प्लास्टिकचा असतो, स्वस्त बोर्डात वितळवून साच्यातून ओढलेला एक्स्ट्रुडेड, महागात पावडर दाबून भाजलेला सिंटर्ड. एक्स्ट्रुडेड वॅक्स कमी पितो, त्यामुळे त्याचे लाड कमी केले तरी चालतात, इथपर्यंत मेसेज बरोबर. आणि वॅक्सवर शंका घेणारे सगळे काही येडे नाहीयेत बरं का, स्वीडनमध्ये लिओनिड कुझमिन नावाच्या संशोधकाने २००६ मध्ये क्रॉस-कंट्री स्कीवर काम करून म्हटलं होतं की स्टीलच्या पात्याने ताजा खरवडलेला कोरडा बेस वॅक्सवाल्यापेक्षा घाण कमी धरतो आणि बऱ्याचदा जास्त वेळ चांगला पळतो. पण ते ताज्या खरवडलेल्या बेसबद्दल आहे हो! आपला बोर्ड मागच्या एप्रिलपासून गॅरेजमध्ये सायकलीमागे उभा आहे, गाडीच्या छपरावर आय-७० हायवेचं मीठ खाऊन आलाय, आणि कडेच्या बाजूला पांढरट केसाळ झालाय. त्याला "वॅक्सशिवायचा बेस" म्हणायचं असेल तर न धुतलेल्या पातेल्याला पण नैसर्गिक नॉनस्टिक म्हणा.

दुसरं असं की उतारावर फरक जाणवत नाही म्हणून लोकांना वाटतं वॅक्स फालतू आहे. थोडं गणित करू, कंटाळा आला तर पुढे जा. २० अंशाच्या उतारावर तुम्हाला खाली ओढणारा जोर वजनाच्या साधारण ३४ टक्के असतो. बर्फाचं घर्षण समजा चांगल्या बेसचं ०.०३ आणि खराब बेसचं ०.०५, म्हणजे तीन टक्के विरुद्ध पाच टक्के, ३४ पुढे ते कोणाला कळणार? आता हेच ३ अंशाच्या सपाट रस्त्यावर आणा. तिथे ओढणारा जोरच जेमतेम पाच टक्के. खराब बेसवाला जागच्या जागी उभा, चांगला बेसवाला निवांत सरकतोय. आमच्या कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिज स्की रिसॉर्टला फोर ओ'क्लॉक म्हणून एक लांबलचक सोपा रन, म्हणजे घसरायचा मार्ग आहे, वरून थेट गावात उतरतो, मध्ये मध्ये सपाट. तिथे स्कीवाल्यांच्या हातात काठ्या असतात, ते ढकलत जातात, आणि आपण एक पाय सोडवून लंगडीपाणी खेळल्यासारखे घसटत चाललेलो असतो, शेजारून पाच वर्षांची पोरं टाटा करत जातात. वॅक्सचे पैसे तिथे वसूल होतात, वरच्या कड्यावर नाही.

मेणबत्ती. हेही पूर्ण चूक नाही, कारण साधं वॅक्स आणि मेणबत्ती दोन्ही मुळात पॅराफिनच. एप्रिलमध्ये बर्फाचा चिखल झालाय, वॅक्स घरी राहिलंय, तर खिशातली मेणबत्ती घासून एक-दोन रन निघतील, कॅरम बोर्डवर पावडर मारल्यासारखं. पण जानेवारीत उणे १५ ला बर्फाचे स्फटिक वाळूसारखे टोकदार आणि कडक असतात, ते मऊ मेणात रुततात आणि बोर्ड असा अडतो की वाटतं कोणीतरी मागून धरलंय. थंडीच्या वड्या कडक असतात त्या याच्यासाठी, त्यात लांब साखळीचं कृत्रिम मेण असतं, उगाच निळा रंग देऊन डबल पैसे घेतलेले नसतात. शिवाय मेणबत्तीत स्टिअरिक ॲसिड, रंग, वास काय काय असतं. माझ्या बायकोच्या लॅव्हेंडरच्या मेणबत्तीचा प्रयोग मी केलेला आहे, वास मस्त येतो, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

मेसेजमध्ये जाताजाता "साध्या इस्त्रीने वितळवा" असंही लिहिलंय. यावर मी बोलू शकतो, कारण माझ्या पहिल्या बोर्डावर शेपटीच्या बाजूला इस्त्रीच्या आकाराचा चकचकीत डाग आहे. या प्लास्टिकचा वितळबिंदू १३५ अंशाच्या आसपास, कपड्यांची इस्त्री कॉटनवर २०० च्या जवळ जाते, आणि तिचा थर्मोस्टॅट कधी चालू कधी बंद, त्यामुळे टेम्परेचर वर-खाली होत राहतं. दारावरची बेल वाजली, मी दोन सेकंद मान वळवली, झालं. वॅक्सची इस्त्री नसेल तर जुनी, वाफेची भोकं नसलेली घ्या, धूर यायला लागला तर ती जास्त गरम आहे, आणि हात एका जागी थांबवायचा नाही. आणि हो, ती परत शर्टावर वापरायची नाही.

आता सगळ्यात जास्त फसवणारा मुद्दा, वेदर ॲप. वड्यांचा रंगाचा ढोबळ हिशोब बहुतेक कंपन्यांचा सारखाच असतो, हिरवा-निळा थंडीसाठी, लाल मधलं, पिवळा उबेचा, नेमके आकडे पाकिटावर असतात. पण ते बर्फासाठी बघायचे की हवेसाठी, हे आधी पाकिटावर वाचा. ॲप सांगतं हवेचं, तेही कुठल्यातरी स्टेशनवरचं. हवा अधिक ८ असली तरी बर्फ शून्याच्या वर जाऊच शकत नाही, गेला की तो पाणी. आणि निरभ्र रात्री उलटं होतं, बर्फ आपली उष्णता आकाशात फेकून हवेपेक्षा चांगलाच थंड होतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पारा शून्याच्या वर असतानाही गाड्यांच्या टपावर आणि गवतावर दव गोठतं, पेपरात फोटो येतात ना दरवर्षी, तोच प्रकार.

हे का महत्त्वाचं? कारण बोर्ड बर्फावर पळतो तो घासण्यातून झालेल्या उष्णतेने जो पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो त्यावर. बाउडन आणि ह्यूज यांनी १९३९ मध्येच हे दाखवलं, त्याआधी लोक म्हणायचे वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो. फार थंडीत हा पापुद्रा पुरत नाही, म्हणून कडक वॅक्स. शून्याला उलट पाणी जास्त होतं आणि बोर्ड खाली चिकटतो, ओल्या ओट्यावर स्टीलचं ताट ठेवून सरळ उचलायला जा, तसं. तिथे पाणी झटकणारं मऊ वॅक्स हवं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बेसवर खरखरीत रेषा, ज्या दुकानात दगडावर घासून पाडतात, म्हणजे हवा आत शिरते आणि चिकटण सुटते. ओल्या बर्फात गुळगुळीत बेसवर भारीतली वडी लावून मी तोंडावर आपटलोय, शब्दशः, कारण पाय अचानक थांबतात आणि वरचं शरीर पुढे जातं.

म्हणून मी स्वयंपाकघरातला खुपसायचा थर्मामीटर घेऊन जातो. सावलीत, वरच्या थराखाली एक-दोन सेंटीमीटर खुपसायचा, दोन मिनिटं थांबायचं. लोक बघतात, बघू देत. आता प्रश्न की कुठे खुपसायचा, कारण ब्रेकनरिजची सगळ्यात वरची लिफ्ट ३,९१४ मीटरवर सोडते आणि गाव आहे साधारण २,९०० वर, मार्चमध्ये वर कोरडी पावडर आणि खाली रबडी. माझं मत, सपाट भाग जिथे आहे तिथला आकडा धरा, बाकी डोंगर गुरुत्वाकर्षण बघून घेईल. मशीनने पाडलेला कृत्रिम बर्फ असेल तर एक पायरी कडक घ्या, त्याचे कण जास्त बोचरे. आणि दोन वड्यांमध्ये अडलात तर थंडीत कडक बाजूला झुका, ती टिकते तरी जास्त.

जाड थर आणि छिद्रं. बेसमध्ये स्पंजसारखी भोकं नसतात ओ, गरम केल्यावर ती "उघडतात" हे तर बोलायचं म्हणून बोलतात. प्लास्टिकच्या रेणूंची जी विस्कळीत रचना असते त्यात थोडं मेण शिरतं, बाकीचं वर बसतं, आणि ते वर बसलेलं सगळं काढायचं असतं. डोशाच्या तव्यावर तेल लावून फडक्याने पुसतो तसं. बोर्ड पूर्ण गार झाला की ॲक्रिलिकच्या स्क्रॅपरने खरवडायचं, काहीच निघत नाही असं वाटेपर्यंत, आणि मग ब्रश. लोक आळस करतात तो ब्रशचा. न खरवडलेला बोर्ड पार्किंगमध्ये छान चमकतो आणि लिफ्टखाली चिखलातल्या म्हशीसारखा बसतो.

फ्लोरोवर जास्त बोलत नाही. पळायचं का? पळायचं, ओल्या बर्फात तर भन्नाट. पण ती पीफास गटातली रसायनं, निसर्गात मोडत नाहीत, बर्फ वितळला की थेट पाण्यात, आणि इस्त्रीखाली त्याचा धूर घेणाऱ्या वॅक्सवाल्यांच्या रक्तात ती सापडलेली आहेत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने बंदीचा निर्णय २०१९ मध्ये घेतला, लागू झाली २०२३-२४ च्या सीझनला, आणि ऑस्ट्रियातल्या सोल्डनच्या पहिल्याच रेसमध्ये एक स्कीअर त्यापायी बाद झाली. जे त्यांना नको ते तुम्हाला रविवारी सकाळी दहा वाजता ग्रीन रनवर, म्हणजे सगळ्यात सोप्या उतारावर, कशाला पाहिजे?

राहिलं टेस्टिंग. ॲपमधला टॉप स्पीड हा जीपीएसचा एक उडता आकडा, त्यात वारा, तुमची लाइन, तुम्ही किती वाकलात आणि किती टरकलात हे सगळं मिसळलेलं, वॅक्स त्यात शोधणं म्हणजे मिसळीत मीठ कोणत्या दुकानातलं ते शोधणं.

आम्ही काय करतो सांगतो. मी आणि एक मित्र, सारखे दोन बोर्ड, एकाच मॉडेलचे, एकाच लांबीचे. हलका उतार जो खाली सपाट होतो, वर एक खूण, तिथून न ढकलता सरळ सुटायचं, वळायचं नाही, हात गुडघ्यावर, जिथे थांबलो तिथे काठी रोवायची. पहिल्या वर्षी आम्ही शेजारी शेजारी सुटलो आणि दरवेळी तोच पुढे, मी त्याची वडी विकत पण घेतली. मग बोर्ड बदलून बघितले तरी तोच पुढे! तो माझ्यापेक्षा पंचवीस किलोने जड आहे, वजनाच्या मानाने हवा त्याला कमी अडवते, वडीचा काही संबंध नव्हता. तेव्हापासून दोन्ही बोर्डांवर एकच माणूस जातो. आधी दोन्हीला एकच वॅक्स लावून बघायचं, म्हणजे बोर्डाबोर्डातला फरक कळतो, मग वेगवेगळं लावायचं. क्रम पहिला, दुसरा, दुसरा, पहिला असा, कारण प्रत्येक फेरीला ट्रॅक गुळगुळीत होत जातो आणि नंतर जाणाऱ्याला फुकटचा फायदा मिळतो.

मागच्या मार्चमध्ये सकाळी नऊला बर्फ उणे ६ होता, निळ्या वडीची काठी स्पष्ट पुढे. डबा खाऊन, थेपले होते, साडेबाराला परत गेलो तर थर्मामीटर शून्यावर आणि लाल पुढे. दोन्ही वेळा तेच बोर्ड, तोच मी, तोच उतार. आणि तिसरी एक महागडी वडी, जिच्यावर मी रागाने पैसे घातले होते, ती साध्या सगळ्या हवामानाच्या वडीपासून बोर्डाच्या रुंदीएवढी पण पुढे गेली नाही. एवढ्या फरकाला आम्ही फरक धरत नाही, ती वडी आता मित्राच्या गॅरेजच्या शटरच्या खाचेला लावायला वापरतो, शटर मस्त चालतं.