पोरीची स्टिक माळ्यावरून खाली काढा

गेल्या रविवारी दादाकडे गेले तर भाची दारात आली नाही. एरवी आत्ती आली म्हटल्यावर हातातली हॉकीची स्टिक तशीच घेऊन जिन्यात धावत येणारी पोरगी आतल्या खोलीत पुस्तक पुढ्यात घेऊन गप्प बसलेली. गॅलरीतल्या दोरीवर तिचे मोजे आणि नडगीला बांधायचे शिनगार्ड कायम वाळत असायचे, ती दोरीही मोकळी. वहिनीला विचारलं तर तिनं फोनच माझ्या हातात दिला. "तुम्हीच वाचा, वन्सं." स्टिक चार दिवसांपूर्वीच माळ्यावर गेली होती.

मेसेज लांबलचक आहे. "मुलींच्या आई-वडिलांनो, वेळीच सावध व्हा" अशी सुरुवात, खाली निळ्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, पाण्याचे फवारे उडतानाचा फोटो. सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमधल्या हांगचौला महिला हॉकीच्या आशिया चषकाच्या फायनलमध्ये आपण चीनकडून ४-१ हरलो, तिथून मेसेज सुरू होतो आणि घसरत घसरत कुठल्या कुठे जातो. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. बायकांची हॉकी म्हणजे लहान मैदानावरचा, हलक्या चेंडूचा खेळ. भारताच्या मुलींनी आजवर काही जिंकलेलं नाही, टोकियो ऑलिम्पिकमधला चौथा नंबर नशिबानं आला. त्यांचे सामने बघायला कुत्रं फिरकत नाही, सरकारचा पैसा पाण्यात. हॉकीत मुलींना भविष्य नाही. आणि कंबरेत वाकून पळाल्यानं व टर्फवर फवारलेल्या केमिकलमुळं मुलींची गर्भपिशवी सरकते, पाळी बंद होते, पुढं मूल होत नाही. "मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय" असं शेवटी. कुठल्या डॉक्टरांनी, ते नाही.

पाहुण्यांच्या ग्रुपवर हाच मेसेज, आमच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर हाच. कुणी एकीनंही "हे खरं आहे का" म्हणून विचारलं नाही, खाली नुसते हात जोडलेले. म्हणून लिहायला बसले. मी स्वतः शाळा-कॉलेज मिळून आठ वर्षं हॉकी खेळले आणि मला दोन मुलं आहेत, पण एकटीचं उदाहरण हा पुरावा होत नाही.

आधी गर्भपिशवीचं, कारण स्टिक त्याच ओळीमुळं माळ्यावर गेली.

गर्भपिशवी म्हणजे खुंटीला अडकवलेली पिशवी नव्हे, वाकलं की घसरायला. ओटीपोटाच्या हाडांच्या कमानीत ती दोरखंडासारख्या पट्ट्यांनी बांधलेली असते आणि खालून स्नायूंचा आधार असतो. अंग बाहेर येण्याचा, म्हणजे गर्भपिशवी खाली उतरण्याचा, त्रास खरा आहे, पण तो बहुतेक वेळा बाळंतपणांनंतर, वय वाढल्यावर, वर्षानुवर्षं जड ओझी उचलून किंवा जुनाट खोकल्यानं होतो. चौदा वर्षांच्या पोरीनं वाकून चेंडू अडवल्यानं होत नाही. आणि वाकण्याचंच म्हणाल, तर आषाढात राधानगरी-गगनबावड्याकडं जाऊन बघा. भाताची रोप लावण करणाऱ्या बायका गुडघाभर चिखलात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कंबरेत वाकलेल्या असतात. आमची आजी पंचाहत्तरीपर्यंत लावणीला जायची. तिला सात मुलं झाली. त्या बायकांची काळजी वाटून कुणी असला मेसेज पाठवल्याचं मी कधी ऐकलं नाही. शेतात बाई वाकली तर चालतं, मैदानावर पोरगी वाकली की पिशवी सरकते.

गर्भपिशवीचीच काळजी असेल तर बीडच्या ऊसतोड बायकांविषयी बोला. दर हंगामात त्या टोळ्या आपल्याच भागातल्या कारखान्यांवर येतात, आपण त्यांची पालं बघत जातो. पाळीत कामावर गेलं नाही की खाडा, खाडा झाला की पैसे कापले जाणार. तिशीतल्या बायकांनी गर्भपिशव्या काढून टाकल्याचं प्रकरण २०१९ साली बाहेर आलं, सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ते वाचून मला दोन रात्री झोप आली नव्हती. तेव्हा आमच्या ग्रुपवर "सावध व्हा" कुणी लिहिलं नाही.

आता केमिकल. फोटोत जे उडतंय ते पाणी आहे. साधं पाणी. आंतरराष्ट्रीय सामन्याचं टर्फ ओलं करतात, कारण कोरड्या टर्फवर चेंडू अडखळतो आणि खेळाडू घसरून पडली तर गुडघ्याचं, कोपराचं कातडं सोलवटून निघतं. पुरुषांच्या सामन्याआधीही तेच फवारे, तेच पाणी. माँट्रियलला १९७६ साली ऑलिम्पिक हॉकी पहिल्यांदा टर्फवर खेळली गेली, म्हणजे पन्नासेक वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्या ओल्या टर्फवर खेळून पुरुषांना मुलं झाली नाहीत असं कुणी म्हटलेलं नाही. पाणी फार लागतं ही तक्रार मात्र रास्त आहे, म्हणून तर आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ कोरड्या टर्फच्या मागं लागलाय.

मूल होत नाही म्हणणाऱ्यांनी लुसियाना आयमारचं नाव ऐकलेलं दिसत नाही. अर्जेंटिनाची. आठ वेळा जगातली सर्वोत्तम महिला हॉकीपटू ठरली, चार ऑलिम्पिक खेळली आणि चारही वेळा पदक घेऊन परतली. २०१४ मध्ये थांबली तेव्हा वय ३७. त्यानंतर चाळिशी उलटल्यावर ती आई झाली, दोन मुलांची. तिच्याएवढं वाकून आणि तिच्याएवढं पळून हॉकी खेळलेल्या बाया जगात मोजक्याच सापडतील.

बाईच्या शरीराला खेळ झेपत नाही हे सांगणारे पूर्वीही होते, आणि तेव्हा ते थेट नियम करायचे. ॲमस्टरडॅमला १९२८ साली बायका पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर थकलेल्या दिसल्या म्हणून ती शर्यतच काढून टाकली, ती परत आली १९६० मध्ये. बत्तीस वर्षांनी.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते, आणि ती मी भाचीला विचारून लिहितेय. पाळी बंद होण्याचं. तिची पाळी तीन महिने आली नव्हती. वहिनी आधीच घाबरलेली, त्यात हा मेसेज. म्हणून मी तिला रागावू शकले नाही. कडक सराव करणाऱ्या मुलींची पाळी लांबते, कधी थांबतेही, हे खरं आहे. पण ती का थांबते ते मेसेज लिहिणाऱ्यानं दडवलं, किंवा त्याला ते ठाऊकच नाही.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ साली जगभरचे तज्ज्ञ बसवून यावर एक निवेदन काढलं, २०१८ आणि २०२३ मध्ये ते सुधारलं. त्याला त्यांनी 'रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट' असं नाव दिलंय. आपल्या भाषेत सांगायचं तर खेळाडू जेवढं अंग झिजवतो तेवढं पोटात जात नाही. मग शरीर काटकसर सुरू करतं. आधी पाळी थांबवतं, मग हाडं ठिसूळ होतात, आजारपणं मागं लागतात, खेळ मंदावतो. हे पुरुष खेळाडूंनाही होतं, तेही त्याच निवेदनात आहे. आणि त्यावरचा पहिला इलाज म्हणजे खाणं वाढवणं, गरज पडली तर काही दिवस सराव कमी करणं. हॉकी हे कारण म्हणून त्यात कुठंही नाही. अपुरं जेवण हे कारण आहे.

भाचीचा दिवस मी तिच्याच तोंडून ऐकला. सकाळी साडेपाचला कपभर चहा आणि दोन बिस्किटं खाऊन ध्यानचंद स्टेडियमवर. दीड-दोन तास पळापळ. तिथून घरी, अंघोळ, धावत शाळा. डब्यात दोन चपात्या, त्यातली एक मैत्रिणीला. संध्याकाळी परत मैदान. रात्री "भूक नाही" म्हणून अर्धी भाकरी. डॉक्टरीणबाईंकडे मीच घेऊन गेले. त्यांनी वजन केलं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी. या वयात पाळी मागंपुढं होतेच असंही त्या म्हणाल्या, पण हिला आधी खायला घाला म्हणून बजावून सांगितलं. हॉकी बंद करा असं त्यांनी सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं.

हे कोल्हापुरात घडावं याचा मला राग येतो. तालमीत पोरगं घातलं की आधी खुराकाचा हिशोब होतो. दूध किती, तूप किती, बदाम किती, थंडाईला काय लागतं. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीची धार काढून दूध प्यायला द्यायची आपली रीत. मेहनत केली की खुराक लागतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि त्याच घरातली पोरगी दोन वेळा मैदानावर पळते, तिला चहा-बिस्किट. तिची पाळी थांबली की दोष खेळाला.

बाकीचे मुद्दे भराभर घेते.

मैदान लहान आणि चेंडू हलका हे धादांत खोटं. पुरुष आणि महिलांचं नियमांचं पुस्तक एकच आहे. मैदान ९१.४ मीटर बाय ५५ मीटर, चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव. चेंडू लागतो, दात पडतो, बोट मोडतं, हे मी नाकारत नाही. माझ्या हनुवटीवर तीन टाक्यांची खूण आहे. त्यासाठी माउथगार्ड आणि शिनगार्ड आहेत, तेवढे घेऊन द्या.

काही जिंकलं नाही म्हणे. १९८२ च्या दिल्ली एशियाडची हॉकी लोकांना आठवते ती पुरुष संघ फायनलमध्ये पाकिस्तानकडून ७-१ हरला म्हणून. त्याच दिल्लीत, त्याच स्पर्धेत मुलींनी सुवर्णपदक जिंकलं, आणि कर्णधार होती पुण्याची एलिझा नेल्सन. कितीजणांच्या घरात हे नाव माहीत आहे? पुढं २००२ ला मँचेस्टरमध्ये राष्ट्रकुल सुवर्ण, फायनलमध्ये इंग्लंडला त्यांच्याच घरी हरवून. २००४ आणि २०१७ मध्ये आशिया चषक. २०२३ ला रांचीत आणि २०२४ ला राजगीरमध्ये आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी, आणि राजगीरच्या फायनलमध्ये समोर हाच चीन होता, १-० नं हरला. टोकियोत उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियासारख्या संघाला गुरजीत कौरच्या एका गोलवर घरी पाठवलं. पेनल्टी कॉर्नरवरचा गोल, आणि उरलेला सगळा वेळ सविता पुनियानं गोलपोस्ट राखलं. एवढा वेळ नशीब टिकत नसतं.

सध्या संघ घसरलाय, हे मी झाकून ठेवणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये रांचीत जपानकडून १-० हरून पॅरिस ऑलिम्पिक हुकलं, २०२५ मध्ये प्रो लीग या अव्वल संघांच्या स्पर्धेत तळाला जाऊन खालच्या स्पर्धेत ढकलले गेलो. हांगचौच्या फायनलमध्ये पहिल्याच मिनिटाला नवनीत कौरनं गोल करून दिला होता आणि नंतर चार खाल्ले. वाईट खेळलो. त्यावर कुणी कडक लिहावं, मी वाचेन. पण हरलेल्या सामन्यावरून चौदा वर्षांच्या पोरींच्या गर्भपिशवीवर उडी मारायची ही कुठली रीत?

सामन्याला कुणी फिरकत नाही म्हणणाऱ्यांनी रांचीतल्या त्या सामन्यांची चित्रफीत बघावी, स्टेडियम कसं भरलेलं होतं ते. झारखंडात सलीमा टेटे, निक्की प्रधान या भारतीय हॉकीपटू घराघरातल्या पोरी आहेत.

पैशाचं आणि भविष्याचं. क्रिकेटसारखा पैसा हॉकीत नाही, ते कुणीही सांगेल. पण रेल्वेत खेळाडूंची भरती होते, राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. फलटण तालुक्यातल्या आसू गावच्या शेतकऱ्याची मुलगी वैष्णवी फाळके २०२३ मध्ये हांगचौच्या एशियाडमध्ये भारताकडून खेळून ब्राँझ घेऊन आली. कोल्हापूरपासून फलटण काही लांब नाही.

हे सगळं मी परवा वहिनीला वाचून दाखवलं. तिनं पाळीचा भाग दोनदा वाचायला लावला आणि डॉक्टरीणबाईंचा कागद मागून घेतला. दादा अजून "बघू, बघू" करतोय. पण काल सकाळी साडेपाचला भाचीचा फोन आला. दोन उकडलेली अंडी आणि ग्लासभर दूध संपवायला आई समोर उभी आहे, उशीर होतोय, तूच सांग तिला, म्हणून. पाठीमागनं वहिनीचा आवाज, "खाल्ल्याशिवाय स्टिक मिळणार नाही."