विद्यापीठात पोचलात म्हणजे एडीएचडी नाही?

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याची, मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था. तिच्याबद्दल सध्या एक संदेश फिरतो आहे: ‘एडीएचडी हा लहान मुलांचा प्रकार. विद्यापीठापर्यंत पोचलेल्याला तो असूच शकत नाही. परीक्षेत जादा वेळ उकळायची ही पळवाट.’ ही सगळी विधानं चुकीची आहेत.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली. तिच्यात लक्षणांचे दोन गट आहेत: लक्ष न लागणं, आणि अतिचंचलपणा-उतावीळपणा. लहान मुलांसाठी यांपैकी एका गटातली किमान सहा लक्षणं लागतात, १७ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी पाच. मोठ्यांना एडीएचडी नसताच, तर हा वेगळा निकष कशाला ठेवला असता? मात्र काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात.

मग शाळेत कळलं कसं नाही? शाळेत घंटा होती, रोजचा गृहपाठ तपासणारं कोणी होतं, सकाळी हलवून उठवणारं कोणी होतं. विद्यापीठात सत्राअखेर एक मोठा निबंध आणि मधले कितीतरी आठवडे मोकळे. टेकू निघाला की भिंत कलते. विषय नीट समजलेला असतो, पण पहिलं वाक्य लिहायला बसणं काही होत नाही. उलट आवडीचं काही सापडलं तर जेवणाचंही भान राहत नाही. (हे पाहूनच लोक म्हणतात, ‘लागतं की लक्ष!’ लक्ष असतंच. ते हवं तिथे वळवता येत नाही.)

राहिला जादा वेळ. त्यासाठी सहसा निदानाची कागदपत्रं लागतात. ती जमवणं, अर्ज भरणं, मुदत पाळणं, नेमकी हीच कामं इथे सगळ्यात जड जातात. पळवाट म्हणून ही वाट कुणी निवडेल, असं मला तरी वाटत नाही.